हिस्से आधी, चिठ्ठी मागाहून

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या खेळात उतरणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पात्राचे बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव असे सहा गुणांक आरंभीच ठरवून घ्यावे लागतात. ते फासे टाकून ठरवावेत की ठरीव पुंजीतून विकत घ्यावेत, ह्यावर ह्या खेळाच्या उपासकांत दीर्घकाळ वाद चालला आहे आणि न्याय आपल्याच पदरी असल्याचा दावा दोन्ही पक्ष सारख्याच हिरीरीने करीत आले आहेत. माझ्या मते दोघांचेही दावे फेटाळण्याजोगे आहेत. मात्र कारणे निरनिराळी आहेत.

फाशांचा कैवार घेणारे म्हणतात की फासा कोणाचा आप्त नव्हे. १८ पडण्याची संधी सर्वांना सारखीच होती, मग ज्याला ७ पडले त्याने दाद कोणाकडे मागावी? वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु संधीची समानता न्याय देते ती संधी पुन:पुन्हा येत असते म्हणून. लढाईत वीस पैलूंचा फासा शेकडो वेळा टाकला जातो आणि आज रुसलेले दैव उद्या हसते. उलट गुणांकांचे हे सहा डाव एकदाच पडतात आणि पुढे महिनोन् महिने टाकल्या जाणाऱ्या प्रत्येक फाशावर आपला कर बसवितात. २०१४ च्या आवृत्तीतली पहिली रीत पाहा. सहा पैलूंचे चार फासे टाकावेत, सर्वांत लहान सोडून द्यावा आणि उरलेल्या तिहींची बेरीज घ्यावी. ह्या रीतीने सहा गुणांकांची बेरीज सरासरीने साडेत्र्याहत्तरच्या आसपास येते हे खरे; पण पाच खेळाडू बसले असता सर्वांत भाग्यवान आणि सर्वांत अभागी ह्यांच्या बेरजांतले अंतर सरासरीने सोळाच्या घरात जाते. दर दोन गुणांमागे फाशावर एकाची भर पडते, म्हणजे विसांतला एक पैलू आपल्या बाजूस वळतो. एकाच्या योद्ध्याचे बळ १८ आणि दुसऱ्याच्याचे १२ असले, तर प्रत्येक घावामागे पहिल्याला तीन पैलूंची कायमची सूट मिळाली, आणि ती कोणत्याही कौशल्याचे बक्षीस म्हणून नव्हे.

परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी परंपरेचे दप्तरही उघडून पाहावे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचा हा खेळ १९७४ साली लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाला, तेव्हा तीन फासे टाकून जे पडेल ते, पडेल त्याच क्रमाने लिहून घ्यावे असा दस्तुर होता, आणि फासेही खेळाडू टाकीत नसून खेळ चालविणारा पंच, म्हणजेच सूत्रधार, टाकी. पण त्या खेळात गुणांकांना मान तो कितीसा? चापल्य बरे असले तर बाण सोडताना एकाची भर, पात्राच्या वर्गाचा (योद्धा, विझार्ड वगैरे) मुख्य गुण चांगला असला तर अनुभवगुणांत फार तर दहा टक्के जास्त, असा मामला होता. शिवाय पहिल्या पायरीवरचे पात्र एखाददुसऱ्या घावात कामास येई आणि त्याच्या जागी नवे लिहून काढण्यास फारसा वेळ लागत नसे. अशा ठिकाणी दैवाच्या हाती सगळा कारभार सोपविण्यात अन्याय नव्हता, कारण दैवाच्या हाती फारसे काही लागतच नव्हते. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने बळाला घावाचे आणि इजेचे घसघशीत अधिकार बहाल केले; १९७८ च्या खेळाडू-पुस्तकात पॅलाडिन ह्या वर्गात शिरण्यास प्रभाव किमान १७ हवा अशी अट होती, आणि तीन फाशांनी १७ वा अधिक पडण्याचा योग चोपन्नांत एक. तेव्हा १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात स्वत: गायगॅक्सनेच जुनी रीत बाजूस सारून चार नव्या रीती दिल्या, आणि दुबळी पात्रे अल्पायुषी ठरून नव्या खेळाडूंचा हिरमोड होतो असे कारणही नमूद केले. ज्याच्या नावाने शपथा घेतल्या जातात त्यानेच पाच वर्षांत कायदा बदलला होता! पुढे २००० च्या आवृत्तीत तर, सर्वांत मोठा गुणांक १३ च्या वर गेला नाही तर फासे पुन्हा टाकावेत, अशी मुभा नियमातच लिहिली गेली. वाईट पडले तर पुन्हा, चांगले पडले तर कायम, हा व्यवहार दैवाला शरण जाणाऱ्यांना शोभत नाही.

जग तरी कुठे न्यायी आहे, असाही एक प्रश्न मोठ्या तात्त्विक मुद्रेने विचारला जातो. पण जगाचा अन्याय सोसणारे पात्र कागदावर असते आणि रात्रभर शेजाऱ्याचा पराक्रम पाहत बसणारा मनुष्य आठवड्याचे काम उरकून आलेला असतो. ह्या दोघांची गल्लत करू नये.

आता पुंजीवाल्यांचे पाहू. प्रत्येकास २७ गुणांची रक्कम मिळते. प्रत्येक गुणांक ८ पासून सुरू होतो, १३ पर्यंत चढण्यास पायरीमागे एक गुण पडतो, १४ ला एकूण सात आणि १५ ला नऊ. जमाखर्च चोख आहे, पण भांडवल सारखे दिल्याने फळ सारखे मिळत नाही. नियम पाठ असलेला जुना खेळाडू एकेका गुणाचे मोल वसूल करतो. नवखा बिचारा सहाही ठिकाणी १२ लिहितो आणि शिल्लक राहिलेल्या तीन गुणांचे काय करावे म्हणून इकडेतिकडे पाहतो. शिवाय सगळे विझार्ड एकाच साच्यातले निघतात, बळ ८ आणि बुद्धी १५. अनपेक्षिताशी गाठ पडून जे पात्र सुचते ते येथे कधी सुचत नाही. फाशांच्या पक्षाची हीच एक तक्रार मला रास्त वाटते.

मग दैवाला ठेवावे, पण कोठे? आपल्याकडे भावाभावांत जमिनीची वाटणी होते तेव्हा पंच आधी हिस्से शक्य तितके सारखे पाडतात आणि मग कोणता हिस्सा कोणाचा ह्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. हिस्सा केवढा हे चिठ्ठीने ठरवा असे कोणी सुचविले, तर त्याला वेड्यात काढतील. गुणांकांच्या बाबतीतही मेजावरच्या माणसांमध्ये कमीजास्त करण्याचा अधिकार दैवाला नसावा. सर्वांची पात्रे मिळून जगापुढे बलवान की दुबळी, एवढे मात्र त्याने खुशाल ठरवावे.

ह्याची रीत सोपी आहे. पाच खेळाडूंनी चार-चार फासे एकेकदा टाकावेत, सहावा डाव सूत्रधाराने टाकावा. समजा १६, १४, १३, ११, ९ आणि ७ आले. हे सहा आकडे सर्वांचे सामाईक. ते कोठे बसवावेत हे ज्याचे त्याने ठरवावे. पाचांपैकी प्रत्येकाला तो ७ कोठेतरी गाडावाच लागतो, आणि कोणी तो बळात गाडतो, कोणी शहाणपणात, कोणी हट्टाने प्रभावात. पात्रांची तऱ्हा येथूनच फुटू लागते. नवख्यालाही सहा आकडे सहा जागी लिहिण्यापलीकडे हिशेब करावा लागत नाही. आकडे पडेल पडले तर? तर ते सर्वांचेच पडेल पडले. सूत्रधाराने राक्षसांची फौज थोडी कमी करावी म्हणजे झाले. एकसारख्या दुबळ्या पाच जणांसाठी संकट बेतणे त्याला जमते. एक भीम आणि चार अशक्त ह्यांना एकाच वेळी पुरेल असे संकट बेतणे कोणालाच जमत नाही.

मंक ह्या वर्गाला तीन गुण चांगले लागतात आणि विझार्डचे बव्हंशी एकावर भागते, हे वैगुण्य ह्या रीतीनेही जात नाही. पण तो दोष वर्गांच्या नियमांचा आहे, वाटणीचा नव्हे. आणि ज्यांना एकाच रात्रीचा, जुन्या धर्तीचा, मरा आणि पुन्हा लिहा असा खेळ खेळावयाचा असेल, त्यांनी खुशाल तीन फासे क्रमाने टाकावेत. तेथे माझी हरकत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. ते सहा आकडे सूत्रधाराने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. खेळाच्या मध्यावर कोणाचे पात्र मेले, किंवा नवा गडी येऊन दाखल झाला, तर नव्या पात्रालाही तेच आकडे द्यावेत. नाहीतर जुन्या पात्राला मुद्दाम मरणाच्या दारी धाडून नव्या फाशांवर नशीब अजमावणारे महाभाग प्रत्येक मंडळात निघतातच.