समता वाटेवर नव्हे, मुक्कामावर तपासा

ज्येष्ठ महिना संपत आला की दिवे घाटाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. डोंगराच्या कुशीतून वर चढणारी नागमोडी वाट, भगव्या पताका, लाखोंची गर्दी आणि खाली एक ओळ: "इथे जात नाही, फक्त माउली आहे." मग कुणीतरी आपल्या पोरांना टॅग करून विचारतो, "सांगा, तुमची विषमता कुठे दिसते यात?"

आपले तरुण अशा वेळी दोन टोकांना जातात. एक गट चिडून शिव्या देतो. दुसरा गट गप्प बसतो, कारण फोटोत खरोखरच जात दिसत नाही. दोन्ही प्रतिक्रिया कामाच्या नाहीत. उत्तर सरळ आहे. फोटो दुपारचा आहे. जात संध्याकाळी विचारली जाते. चालताना कुणी कुणाला काही विचारत नाही, कारण रस्ता कुणाच्या बापाचा नसतो. प्रश्न सुरू होतो तो पाठ टेकायची वेळ झाल्यावर. कुणाच्या छपराखाली, कुणाच्या पंगतीत, कुणाच्या हंड्यातलं पाणी पिऊन?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की कोणत्याही यात्रेतली समता वाटेवर मोजू नका, मुक्कामावर मोजा.

घाटाचा टप्पा आणि रात्रीची निवड

ज्ञानेश्वरांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते तो टप्पा साऱ्या वारीत कठीण मानला जातो. तीस किलोमीटरच्या आसपास चाल आणि त्यात दिवे घाटाचा चढ. बहुतेकदा त्या दिवशी एकादशी असते, म्हणजे पोटात उपासाचे. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकारामांची पालखी लोणी काळभोरकडे वळते, ज्ञानेश्वरांची वडकीवरून घाटाला लागते. रथ ओढायला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, यावरून चढाची कल्पना यावी. घाट चढून गेल्यावर सासवडला पालखीचा दोन रात्रींचा तळ पडतो.

आता विचार करा, एवढे चालून आलेला माणूस रात्री झोपतो कुठे? जो दिंडीत आहे, भिशी भरली आहे, त्याचे सामान ट्रकने पुढे गेलेले असते. तंबू ठोकलेला असतो, स्वयंपाक तयार असतो. ज्याच्या हातात पैसा आहे तो गाडीने लॉजवर जातो आणि सकाळी परत चालायला येतो. ज्याचे गावात नाते आहे, ओळख आहे, त्याला घराची ओसरी मिळते. आणि ज्याच्याकडे यातले काहीच नाही, तो शाळेच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर, दुकानाच्या फळीखाली पावसाच्या शिंतोड्यांत अंग मुडपून पडतो. बाईमाणूस असेल तर आधी संडास कुठे आहे हे बघते आणि मग पथारी टाकते.

म्हणजे "मुक्काम कुठे करायचा" हा प्रश्न दिसायला सोयीचा आहे, पण निवड करण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नाही. पैसा, नाते आणि ओळख या तीन गोष्टींवर ती ठरते. आणि आपल्या देशात नाते आणि ओळख यांचे दुसरे नाव जात आहे. ओसरी कुणाला मिळते? ज्याचे आडनाव ऐकून घरातली म्हातारी मान डोलावते त्याला.

हे आमचेच म्हणणे नाही

"तुम्ही आंबेडकरवाले, तुम्हाला सगळीकडे जात दिसते" असे कुणी म्हणाले तर त्याला इरावती कर्वे वाचायला सांगा. त्या आपल्या चळवळीच्या नव्हत्या. चित्पावन घरातल्या, मानववंशशास्त्राच्या नामांकित अभ्यासक. त्या स्वतः वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी निबंध लिहिला. दिंडी एक, अभंग एक, चाल एक. पण जेवणाची वेळ आली की ब्राह्मण वेगळे आणि मराठे वेगळे. ही गोष्ट त्यांना खुपली आणि ती त्यांनी लपवली नाही. दिवसभर सोबत गाणारी माणसे या जगात एका पंगतीला बसत नसतील तर ती एकी कोणत्या जगासाठी आहे, असा त्यांच्या प्रश्नाचा रोख आहे.

नीट पाहा, हा निबंध ब्राह्मण आणि मराठा यांच्यातल्या अंतराबद्दल आहे. या दोघांत एवढे अंतर, तर महार-मांगांचे काय असेल, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे.

तेही समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी कुठे आहे? महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. मंगळवेढ्याला कुसवाची भिंत अंगावर कोसळून मेलेल्या या माणसाला मेल्यावरही आत मुक्काम मिळाला नाही. त्यांच्या माणसांना देवळाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. आणि देऊळ तर नंतरची गोष्ट. त्याआधी पंढरपुरात पोचलेल्या अस्पृश्य वारकऱ्याने रात्री राहायचे कुठे? गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. बाबांनी केलेले काम मोठे आहे, पण त्या इमारतीची गरज का पडली हेही विचारले पाहिजे. इतर धर्मशाळांची दारे उघडी असती तर वेगळी धर्मशाळा कशाला लागली असती?

त्या इमारतीचे पुढे काय झाले हे आपल्या पोरांना तोंडपाठ असायला हवे. १९४९ साली गाडगेबाबांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या समाजाला रात्रीपुरता आडोसा नाकारला जात होता, त्याच्या हक्काची वास्तू यात्रेकडून शिक्षणाकडे वळली. चळवळीची दिशा एका वाक्यात सांगायची तर ती ही.

डोंगरापायथ्याची ती रात्र

मुक्कामाचा प्रश्न बाबासाहेबांनी पुस्तकात वाचलेला नव्हता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत पहिलीच आठवण आहे ती १९०१ सालची. वडील गोरेगावला नोकरीवर होते, त्यांना भेटायला साताऱ्याहून ही मुले निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे पाहून स्टेशन मास्तर आधी गोड बोलला, जात कळताच मागे सरला. गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे, या अटीवर.

मध्यरात्री ही गाडी डोंगराच्या पायथ्याशी टोलनाक्यावर पोचली. तिथे आणखी पुष्कळ बैलगाड्या रात्रीच्या मुक्कामाला थांबलेल्या होत्या. रस्ता एक, नाका एक, रात्र एक. मुलांजवळ घरून आणलेले जेवण होते. नव्हते ते फक्त पाणी. नाकेदाराकडे पाणी मागितले तर त्याने डोंगराकडे बोट दाखवले. भरल्या डब्याजवळ मुले उपाशी झोपली.

दिवे घाटाच्या फोटोखाली समतेच्या ओळी लिहिणाऱ्यांना ही रात्र सांगा. त्या नाक्यावर वरून कुणी फोटो काढला असता तर त्यातही शेजारी शेजारी उभ्या असलेल्या गाड्याच दिसल्या असत्या.

पुढे तोच मुलगा कोलंबिया आणि लंडनला शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. हिंदूंच्या हॉटेलात प्रवेश मिळणार नाही हे ठाऊक होते, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या डझनभर पारशांनी हाकलून लावले. मित्रांकडे आसरा मागितला, तर एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोघांनीही सबबी सांगितल्या. एवढी पदवी असलेल्या माणसाला त्या शहरात एका रात्रीचे छप्पर मिळाले नाही.

मग भारताच्या संविधानात कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा उल्लेख का आहे, हे वेगळे सांगायला हवे का? १९५५ च्या कायद्यात, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द नावानिशी का आले? कारण अस्पृश्यता कुठे राहते हे आपल्या लोकांना अंगावर झेलून कळले होते. ती जशी देवळाच्या गाभाऱ्यात होती, तशीच सराईच्या उंबऱ्यावरही होती.

"आता तसे राहिले नाही"

हा पुढचा युक्तिवाद. तो पूर्ण खोटा नाही. आज अनेक दिंड्यांत एकच पंगत बसते, गावोगावची माणसे कुणालाही न विचारता चहा-नाश्ता देतात, पुण्यात घरे आणि शाळा वारकऱ्यांसाठी उघडतात. हा बदल आहे आणि तो नाकारण्यात आपला काही फायदा नाही. पण दोन गोष्टी बघाव्या लागतील.

एक, पंढरपुरात आजही जातीजातीच्या नावाने मठ आणि धर्मशाळा उभ्या आहेत. चालताना विसर्जित झालेली जात पंढरीत पोचल्यावर आपापल्या पाटीखाली झोपायला जाते. दोन, सासवडचा तळ उठल्यावर सकाळी तिथे काय उरते? लाखो माणसांच्या दोन रात्रींचा कचरा, खरकटे आणि घाण. ते उचलायला कोण येते? झाडू घेतलेल्या त्या माणसांची आडनावे विचारा. पालखी पुढे निघून गेलेली असते, फोटो काढणाराही गेलेला असतो. ज्याच्या वाट्याला मुक्कामाची घाण येते त्याचा मुक्काम कुठे असतो, हे कुठल्याच कीर्तनात सांगत नाहीत.

सासवड आपलेही आहे

आता काही कार्यकर्ते म्हणतील, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर वारीची उठाठेव आपण कशाला करायची? विठ्ठल त्यांचा, तळ त्यांचा, तंबू त्यांचा.

मला हे पटत नाही. पहिली गोष्ट, सासवड आणि जेजुरी हे वारीचे लागोपाठचे दोन मुक्काम आपल्या इतिहासातही आहेत. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ५१ गावांतल्या महारांची सभा घेतली ती सासवडला. सैन्यात आणि पोलिसांत महारांना नोकऱ्या द्या म्हणून सरकारकडे अर्ज गेला तो तिथून. १९१० साली दख्खनच्या महारांची परिषद झाली ती जेजुरीला, आणि तिचा अर्ज थेट विलायतेच्या सरकारपर्यंत पोचला. त्याच रस्त्यावर आपल्या पणजोबांनी देवाकडे नव्हे, सरकारकडे हक्क मागितले. हा रस्ता आपण कुणाला आंदण दिलेला नाही.

दुसरी गोष्ट, मुक्कामाचा प्रश्न वारीपुरता नाही. पुण्यात शिकायला गेलेल्या पोराला खोली बघताना "पूर्ण नाव काय?" असे विचारतात तेव्हा तो सासवडचाच प्रश्न असतो. नाव सांगितल्यावर "खोली कालच गेली" असे उत्तर येते तेव्हा तो बडोद्याचा प्रश्न असतो. ज्याला वारीतला मुक्काम समजला त्याला घरमालकाचा चेहराही वाचता येतो.

मग करायचे काय?

फोटोखाली भांडत बसण्यापेक्षा तीन कामे करू.

पहिले, समतेचा दावा करणाऱ्याला मुक्कामाचे प्रश्न विचारा. तुमच्या दिंडीत स्वयंपाकाला कोण असते? एका तंबूत कोण कोण झोपते? तुमच्या गल्लीत वारकरी उतरतो तेव्हा ओसरी देण्याआधी गाव आणि आडनाव विचारता का? शांतपणे विचारा. प्रामाणिक माणूस विचारात पडेल, ढोंगी चिडेल. दोन्हींतून आपल्याला उत्तर मिळते.

दुसरे, धर्मशाळा, लॉज किंवा मठ यांनी जातीवरून जागा नाकारली तर निमूट पुढे जाऊ नका. साक्षीदार घ्या, वेळ-तारीख लिहा, तक्रार नोंदवा. कायदा आपल्यासाठी लिहिलेला आहे. वापरला नाही तर तो कपाटात कुजतो.

तिसरे काम थोडे अवघड आहे आणि यावर मतभेद होतील हे मी जाणतो. पालखीमार्गावर जिथे आपले विहार आणि समाजमंदिरे आहेत, तिथे त्या रात्री दार उघडे ठेवा. प्यायचे पाणी, बायकांसाठी स्वच्छ संडास, निजायला कोरडी जागा. नाव, गाव, जात काही विचारायचे नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि संविधानाची उद्देशिका असेल, तीही झाकायची नाही. ही विठ्ठलाची सेवा नव्हे, आपण पूजा करणार नाही आणि टाळही धरणार नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषदेहून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला तेव्हा त्यांना आसरा दिला तो मुसलमानांच्या घरांनी. त्या घरांनी धर्म विचारला नाही. तो धडा आपण विसरता कामा नये.

भिजलेला, पायाला फोड आलेला एखादा वारकरी आपल्या विहाराच्या दारात येईल, फोटोकडे बघेल आणि क्षणभर थबकेल. आत यायचे की दुकानाच्या फळीखाली जायचे, हे त्याने ठरवायचे आहे. त्या रात्री परीक्षा त्याची असेल. आपली शंभर वर्षे देऊन झाली आहे.

जय भीम!