बोरू, नाव आणि रेती

आम्ही पेशाने कारकून. लोक गमतीने आम्हांला 'बोरूबहाद्दर' म्हणतात. टाक गेला, बॉलपेन आले, संगणक आला; हे नाव मात्र काही सुटले नाही. परंतु बोरूने काय साधता येते, हे आम्हांला एका डच चित्रकाराच्या चित्राने दाखविले.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा चित्रकार १८५३ साली हॉलंडमध्ये जन्मला. तरुणपणी तो बेल्जियममधील कोळसा खाणकामगारांत धर्मप्रचारक म्हणून राहिला. अंगावरचे कपडेही तो गरिबांना देऊन टाकी. संस्थेने त्याला पुढे नेमले नाही, तेव्हा तो चित्रकलेकडे वळला. १८८८ मध्ये तो फ्रान्समधील आर्ल गावी आला. तेथे तो बोरूला टोक करी, शाईत बुडवी आणि चित्र काढी.

त्याच वर्षी त्याने रोन नदीवरील रेतीच्या नावा काढल्या. रंगांतही काढल्या (ते चित्र आज जर्मनीत एसेनच्या संग्रहालयात आहे) आणि शाईतही. शाईचे चित्र नीट पाहावे. चित्रकार उंच धक्क्यावरून खाली पाहतो आहे, म्हणून चित्रात आभाळच नाही. पाणी आहे, दोन नावा आहेत आणि हातगाडीने रेती उतरविणारे मजूर आहेत. रंग नाही, तरी रेघांच्या फरकाने पाणी वेगळे कळते, लाकूड वेगळे कळते. जिथे कागद कोरा सोडला, तिथे ऊन पडले.

कारधाच्या पुलावरून खाली वाकून पाहिले, तर आपली वैनगंगा अशीच दिसते. ढिवर बांधवांचा डोंगा दिसतो, रेती दिसते. आपण रोज पाहतो, पण त्याचे चित्र होऊ शकते असे आपल्याला वाटत नाही.

आमच्या वस्तीत रविवारी मुले जमतात. त्यांना आम्ही हे चित्र दाखविले. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "रेतीवाल्याचं बी चित्र काढते का कोणी?" तिचे वडील घाटावर ट्रॅक्टरमध्ये रेती भरतात. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे ती 'शेती' लिहीत असे. घरी एक गुंठाही शेत नाही. आम्हीच तो फॉर्म तपासला होता आणि गप्प बसलो होतो.

पुढच्या रविवारी तिने वहीचा एक कागद आणला. बॉलपेनने काढलेली ट्रॉली, वरून पाहिलेली. बाजूला फावडे घेतलेला माणूस. आभाळ नव्हते. संध्याकाळी आम्ही तो कागद तिच्या वडिलांना दाखविला. त्यांनी हात पुसून तो धरला, बराच वेळ पाहिला आणि लेकीला म्हणाले, "मी डावखोरा आहो ना बाई. फावड्याचा हात बदल."

तिने हात बदलला.

वाचक बंधू-भगिनींनो, या रविवारी मुलांना पेन आणि पाठकोरा कागद द्या. सूर्य, डोंगर, झोपडी नको. आई विड्या वळताना, बाबा काम करताना काढायला सांगा. रेघ चुकली तरी चालेल. माणूस मात्र बरोबर आला पाहिजे.