उसन्या ढालीची किंमत

जुलै २०२५ मध्ये स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे युरोपीय संघाने अमेरिकेशी व्यापारी समझोता केला. युरोपच्या बहुतेक मालावर १५ टक्के आयातशुल्क त्याने मान्य केले आणि अमेरिकेच्या औद्योगिक मालावरील आपले शुल्क उठविण्याचे वचन दिले. सुमारे पंचेचाळीस कोटी लोकांची संपन्न बाजारपेठ ज्यांच्या हाती, त्यांनी असा एकतर्फी सौदा का पत्करावा? याचे उत्तर तराजूत नसून तलवारीत आहे. युक्रेनमध्ये युद्ध धुमसत असताना अमेरिकेने आपली ढाल काढून घेतली तर काय, या धास्तीने युरोपची घासाघीस करण्याची ताकदच खच्ची झाली होती.

ही अवस्था एका दिवसात ओढवलेली नाही. १९४९ साली नाटोची स्थापना झाली, तेव्हापासून पश्चिम युरोपने संरक्षणाचा मोठा भार अमेरिकेच्या खांद्यावर ठेवला. समाईक युरोपीय सैन्याची योजना फ्रान्सनेच मांडली आणि ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेने ती निकालात काढली. पुढे १९५७ च्या रोम कराराने बाजार एक होऊ लागला. तोफा मात्र वेगळ्याच राहिल्या. शीतयुद्ध संपल्यावर तर शस्त्रांवरील खर्च आणखी आखडला आणि इंधनासाठी रशियाचा हात धरण्यात आला. २०२१ साली युरोपीय संघाने आयात केलेल्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे ४५ टक्के वायू रशियाचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठी चढाई केली, तेव्हा शत्रूच्याच इंधनावर आपल्या चुली आणि कारखाने चालत असल्याचे युरोपला कळून चुकले.

आता युरोप जागा झाला आहे, यात शंका नाही. मार्च २०२५ मध्ये ८० हजार कोटी युरोंपर्यंतची शस्त्रसज्जतेची योजना जाहीर झाली. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोच्या राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचा ५ टक्के भाग संरक्षण व तत्संबंधी कामांवर खर्चण्याचा संकल्प सोडला. परंतु आकड्यांच्या या झगमगाटाने दिपून जाण्याचे कारण नाही. त्या ८० हजार कोटींपैकी समाईक कर्ज केवळ १५ हजार कोटींचे. उरलेली रक्कम म्हणजे मुख्यत्वे प्रत्येक राष्ट्राला स्वतःच्या जबाबदारीवर अधिक कर्ज काढण्याची दिलेली मुभा. जर्मनीला ते झेपेल. कर्जाने आधीच वाकलेल्या फ्रान्स व इटलीचे काय? हा पैसा निवृत्तिवेतनातून आणि रुग्णालयांतून कापला गेला, तर चिडलेला मतदार संघ मोडू पाहणाऱ्यांच्याच पदरात मते टाकील.

त्याहून मोठी उणीव निर्णयशक्तीची आहे. परराष्ट्र व संरक्षण धोरणात सत्तावीस राष्ट्रांचे एकमत लागते. एकट्या हंगेरीच्या नकाराने युक्रेनविषयक निर्णय वारंवार अडले आहेत. मडगावशी घराण्याचे नाते असलेल्या आंतोनिओ कॉस्टा यांनी डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले. परंतु अध्यक्ष एकमत घडवू पाहील, ते लादू शकत नाही. शस्त्रे विकत मिळतात, संकल्प विकत मिळत नाही.

आम्हा गोमंतकीयांना हे नव्याने सांगावयास नको. नाटोचा संस्थापक सदस्य असलेल्या पोर्तुगालच्या सालाझारना मित्रराष्ट्रांचा केवढा भरवसा होता! पण त्या कराराचे कवच गोव्यापर्यंत पोहोचतच नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात उतरली, तेव्हा अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी सुरक्षा समितीत पोर्तुगालच्या बाजूने हात वर केले. सोव्हिएत नकाराधिकाराने तो ठराव बारगळला आणि मित्रांची एकही युद्धनौका मदतीला आली नाही. तेथे न्याय आमच्या बाजूस होता, आज युक्रेनच्या बाजूस आहे. हा भेद विसरून चालणार नाही. परंतु उसनी ढाल कोठवर पुरते, हे ढालीचा धनीच ठरवितो, हा धडा दोन्हीकडे एकच आहे. युरोपने तो मनावर घेतला, तर टर्नबेरीची नामुष्की शेवटची ठरेल. नाहीतर प्रत्येक नव्या संकटात ढालीचे भाडे वाढतच जाईल.