कर्ता नसलेले ‘म्हणे’

पावसाळा ओसरून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या खेळाडू-नोंदणीचे दिवस जवळ आले, की आमच्या प्राध्यापक-कक्षात दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. मुलांना ‘आख्यान’ या संकल्पनेवर चार वाक्ये धड लिहिता येत नाहीत; पण पाटाकडीलचा कोणता आघाडीवीर दिलबहारला निघाला, खंडोबा तालीम यंदा नायजेरियाहून कोणाला आणणार, बालगोपालच्या गोलरक्षकाचा गुडघा बरा झाला की नाही, यावर तीच मुले चंदगडच्या एस. टी. स्थानकावर तासभर बोलू शकतात. तक्रार करणारे माझे मित्र आहेत. त्यांच्या व्यासंगाविषयी मला आदर आहे. तरीही त्यांची ही तक्रार मला उथळ वाटते, आणि त्याहून अधिक म्हणजे, जेथे खरोखर तक्रार करायला हवी तेथे ती मुकी राहते.

स्थानकावर जे चालते ते आख्यानच आहे. मराठीत त्याला लागणारी सामग्री किती सूक्ष्म आहे पाहा: आवई उठते, वावडी उडवली जाते, कंडी पिकवली जाते, हूल दिली जाते. वावडी हा मुळात पतंग. म्हणजे तिची दोरी कोणाच्या तरी हाती असते. कंडीला पिकवणारा लागतो. आवईला मात्र कोणीच लागत नाही, ती आपोआप उठते. मुलांना हे भेद कोणी शिकवलेले नाहीत, पण कोणती बातमी मंडळानेच सोडलेली हूल आहे आणि कोणती प्रतिस्पर्धी पेठेने पिकवलेली कंडी, हे ती बरोबर ओळखतात. निवेदकाच्या विश्वसनीयतेवर आपण ज्या टिपणवह्या भरतो, त्यांतले बरेचसे काही या कट्ट्यावर विनासायास चाललेले असते.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. इथले फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात. मूळची ही कुस्तीची स्थाने. कालांतराने त्यांच्याच पोरांनी चेंडू घेतला, आणि पेठेची अस्मिता आखाड्यातून शाहू स्टेडियमवर आली. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावे उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात एक गल्ली उभी राहते. आम्ही चंदगडकर या गल्ल्यांचे नव्हेत. आमचा बाजार बेळगावचा, आमचे जवळचे फुटबॉल गडहिंग्लजचे. पण शिकायला, नोकरीला कोल्हापुरात गेलेला प्रत्येक पोरगा एक तालीम घेऊन परततो, आणि ती तो आमरण सोडत नाही.

हंगामापूर्वीच्या या बोलण्यात एक शब्द सतत येतो: ‘यंदा’. यंदा बचावफळी पक्की आहे, यंदा गोलरक्षक नवा आहे, यंदा चषक आपलाच. गेल्या वर्षी हेच बोलले गेले होते, याची आठवण कोणी करून देत नाही. करून देणे असभ्यपणाचे मानले जाते. अजून एकही सामना झालेला नसतो, म्हणून एकही पराभव झालेला नसतो. ज्या तालुक्यात काजूचा मोहोर धुक्याने गेला की वर्ष गेले, तेथल्या माणसांना ‘यंदा’ या शब्दाचे वजन निराळे सांगायला नको. या आशेला कोणी रिकामटेकडेपणा म्हणत असेल, तर त्याने आपल्या विद्यापीठीय चर्चासत्रांच्या निमंत्रणपत्रिका एकवार वाचाव्यात.

इथपर्यंत मी कट्ट्याच्या बाजूचा आहे. यापुढे नाही.

कारण ‘यंदा’च्या जोडीला दुसरा एक शब्द असतो, ‘म्हणे’, आमच्याकडे ‘म्हणं’. “त्यो तिकडं चाललाय म्हणं.” संतकाव्यातले ‘म्हणे’ कवीच्या नावाला चिकटून येते, बोलणाऱ्याने आपले नाव देऊन शब्दाची जबाबदारी घेतलेली असते. कट्ट्यावरच्या ‘म्हणे’ला कर्ताच नाही. कोण म्हणतो, हे विचारायचे नसते. आणि ज्याच्याविषयी म्हटले जाते, तो या वाक्यात केवळ कर्म असतो: त्याला ‘फोडला’, ‘उचलला’, ‘घेतला’. तो स्वतः निघालाच, तर त्याच्यासाठी एकच क्रियापद उरते. त्याने ‘गद्दारी केली’.

हा शब्द मैदानात कोठून आला? माझे उत्तर मित्रांना आवडणार नाही. तो आपल्याकडून गेला. निष्ठा आणि फितुरी, इमान आणि गद्दारी, या दोनच खणांत माणसे बसवण्याची सवय महाराष्ट्राला ऐतिहासिक कादंबरीच्या वाचनाने लावली, आणि ती कादंबरी आपण पिढ्यानुपिढ्या वर्गात शिकवत आलो. रणजित देसाई आमच्याच तालुक्यातले, ताम्रपर्णीकाठच्या कोवाडचे; त्यामुळे हे लिहिताना माझा हात जरा थबकतो. पण दोष देसाईंचा नाही. 1962 साली आलेल्या ‘स्वामी’त माधवराव आणि राघोबादादा यांच्यातले नाते ज्याने नीट वाचले, त्याला निष्ठा ही किती गुंतागुंतीची गोष्ट आहे हे कळायला हरकत नव्हती. आपण मात्र परीक्षेत स्वभावचित्रे लिहून घेतली: अमका स्वामिनिष्ठ, तमका कारस्थानी, दहा गुण. तीच उत्तरपत्रिका आज पेठेच्या फलकावर लिहिली जाते.

एक उदाहरण माझ्या समोरचे आहे. तालुक्यातल्या एका वाडीतला माझा विद्यार्थी शहरातल्या एका संघाकडून बचावफळीत खेळत असे. कोणत्या, ते सांगणार नाही. करार नव्हता, राहायला खोली, दोन वेळचे जेवण, आणि सामन्यामागे कोणी खूश होऊन हातावर ठेवील ते. एका नोंदणीच्या आठवड्यात तो दुसरीकडे चालल्याची आवई उठली. त्याला ती तिसऱ्या दिवशी मित्राच्या फोनवरून कळली. तोवर खोलीच्या दारावर ‘गद्दार’ लिहिलेले होते, आणि चौथ्या दिवशी खोली गेली. दुसऱ्या संघाने त्याला विचारलेलेच नव्हते. तो हंगाम त्याने गावी काढला. आता तो शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करतो. त्या आठवड्यात ज्यांनी ही बातमी चवीने सांगितली, त्यांत माझे दोन विद्यार्थी होते; आणि प्राध्यापक-कक्षात ती मीही ऐकून घेतली, ‘कोण म्हणतो?’ हे न विचारता.

या तालुक्यात कोणी पोटासाठी दुसरीकडे गेला म्हणून गद्दार ठरत नाही. ठरला असता, तर अर्धा तालुका ठरला असता. गिरण्या चालू होत्या तोवर आमची माणसे मुंबईला गेली. आता पुण्याला, गोव्याला, सैन्यात जातात. चांगल्या वेतनश्रेणीसाठी संस्था बदललेले प्राध्यापक तर याच कक्षात बसून बाजारू खेळाडूंवर टीका करतात. मग चेंडू खेळणाऱ्यालाच हा वेगळा न्याय का?

उत्तर असे दिले जाते, की तालीम ही नोकरी नव्हे, ती ओळख आहे. खेळाडू हिंडते झाले तर पेठेत उरेल काय? प्रश्न खरा आहे, आणि पैसा वाढल्यापासून अधिकच खरा. पण याच कोल्हापूरच्या मातीत उत्तरेकडचे, पंजाबकडचे मल्ल येऊन राहिले, त्यांना या नगराने आपले म्हटले. ते मल्ल आपापली गावे सोडूनच आले होते. आपल्याकडे येतो तो हिरा आणि आपल्याकडून जातो तो गद्दार, अशी व्याख्या असेल तर तिला तत्त्व म्हणू नये.

ज्या देशात खेळाडूंची अदलाबदल हा हंगामापूर्वीचा राष्ट्रीय छंदच आहे, त्या अमेरिकेतला बेसबॉलचा एक प्रसंग इथे आठवतो. सेंट लुईसकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लडला 1969 साली न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आले. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, अशा आशयाचे पत्र लिहून त्याने जायला नकार दिला आणि न्यायालय गाठले. 1972 साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती. 1975 साली मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवादाने निकाल दिला, तेव्हा खेळाडूला संघाशी कायमचे बांधून ठेवणारे ते कलम निष्प्रभ झाले. फ्लड कृष्णवर्णीय होता. आपल्या कैफियतीत त्याने गुलामीची भाषा वापरली, याचा तेव्हा पुष्कळांना राग आला. एवढा पगार घेणारा गुलाम कसा, असे विचारले गेले.

आपल्याकडे 2008 पासून आयपीएलमध्ये चक्क लिलाव होतो, आणि ‘अमुक इतक्या कोटींना विकला गेला’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांना खटकत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये जडेजा राजस्थानकडे आणि सॅमसन चेन्नईकडे गेले, तेव्हाही भाषा हीच होती. 2024 साली वानखेडेवर हार्दिक पंड्याची जी हुर्यो उडवली गेली, ती पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना त्यात काही नवे वाटले नाही. गल्लीत ते पाहूनच होते. फरक इतकाच, की पंड्याजवळ करारपत्र होते. वाडीतल्या पोराजवळ खोलीची किल्लीसुद्धा नव्हती.

म्हणून माझी मित्रांना विनंती आहे, की पुढच्या सत्रात ‘आख्यान’ शिकवताना या हंगामपूर्व बोलण्याचेच पाच-सहा तुकडे फळ्यावर लिहावेत. मुलांना प्रत्येक वाक्यातला कर्ता शोधायला लावावा, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला त्या वाक्यात काही क्रियापद मिळाले आहे का, तेही पाहायला सांगावे. मी गेल्या महिन्यात हे एका वर्गात करून पाहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने आपल्या तालमीचे वाक्य दिले, कर्ता शोधताना बराच वेळ डोके खाजवले, आणि मग म्हणाला, “सर, त्येलाच फोन लावून इचारू काय?” वर्ग हसला. नंबर मात्र कोणाकडेच नव्हता.