आभार कोणी मानायचे?

दुपारपर्यंत शांत असलेली आई दिवेलागणीच्या सुमारास अस्वस्थ होई. पदर खोचून दाराशी जाई आणि 'मला घरी जायचंय' असा हट्ट धरी. ज्या घरात तिने पंचेचाळीस वर्षे संसार केला, त्याच घराच्या उंबरठ्यावर उभी राहून ती हे म्हणत असे. 'अगं आई, हेच तुझं घर' असे आम्ही मुले परोपरीने समजावीत असू आणि त्याने तिचा संताप वाढतच असे. तिच्या देखभालीसाठी ब्यूरोमार्फत आलेल्या मावशी मात्र तिला कधीच खोडून काढीत नसत. 'चला आजी, जाऊ या. पण आधी देवापाशी दिवा लावू,' असे म्हणून त्या तिचा हात धरीत. निरांजनातील वात पेटेपर्यंत घरी जाण्याचा विषय आईच्या मनातून पुसला गेलेला असे.

आम्ही याला 'मावशींचा स्वभाव' म्हणत असू. ते कौशल्य होते आणि ते त्यांनी अनेक घरांतील अनेक संध्याकाळी सोसून मिळवलेले होते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

स्मृतिभ्रंश हा आता एखाद्‌दुसऱ्या घरातील विषय राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत. मुले परगावी किंवा परदेशी, सून नोकरीला, शेजार दाराआड. अशा वेळी शहरांतील हा भार येऊन पडतो तो बारा-बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्या अशा मावशींवर. त्यांना या कामात समाधान मिळते का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

इतर आजारांत रुग्ण बरा होतो, निरोप घेताना हात जोडतो. शुश्रूषा करणाऱ्याचे ते खरे पारितोषिक. डॉ. अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या विकाराचे वर्णन केले, तो अद्यापही पूर्ण बरा करता येत नाही. रुग्ण दिवसेंदिवस खालावतच जातो. सकाळी ज्या हाताने घास भरवला, तो हात कोणाचा हे त्याला संध्याकाळी आठवत नाही. कधी तो त्याच हाताला चावतो, कधी त्याच्यावर चोरीचा आळ घेतो.

आमच्या घरीही हे घडले. आईची पाटली दिसेनाशी झाली आणि 'हिनेच घेतली' असे ती मावशींकडे बोट दाखवून म्हणाली. असा संशय हे या आजाराचे लक्षण आहे, हे आम्ही वाचलेले होते. तरीही मावशींनी आपली पिशवी आमच्यापुढे आपणहून रिकामी केली, तेव्हा 'राहू द्या' असे म्हणायला आमच्यापैकी कोणाची जीभ रेटली नाही. दोन दिवसांनी पाटली तांदळाच्या डब्यात सापडली. क्षमा कोणीही मागितली नाही. आईला तो प्रसंग आठवत नव्हता. आम्हाला आठवत होता, आणि आम्ही गप्प राहिलो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी १९९७ मधील आपल्या ग्रंथात या रुग्णांच्या माणूसपणाचा आग्रह धरला. देखभाल करणाऱ्यांचे माणूसपण जपले गेले, तरच ते रुग्णाचे जपू शकतील, हेही त्यांच्या प्रतिपादनात येते. हे समजण्यासाठी खरे तर ग्रंथाची गरज नसावी. जिला घरात कोणी नावाने हाक मारीत नाही, तिने मात्र आपल्या आईशी आदराने बोलावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

आपल्याकडे यावर एक सोयीचे उत्तर तयार असते : 'ही सेवा आहे.' सेवा हे आपल्या संस्कृतीतील मोठे मूल्य आहे, यात शंका नाही. परंतु सेवा ही ज्याने त्याने स्वतः स्वीकारायची असते, दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. आईची सेवा हे माझे कर्तव्य. ते मी वेतन देऊन दुसऱ्या स्त्रीकडे सोपवले, तर तिचे योग्य वेतन आणि तिची आठवड्याची सुटी हेही माझे कर्तव्यच ठरते. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला, ही स्वागतार्ह गोष्ट. तथापि चार भिंतींच्या आत काय वागणूक मिळते, हे शेवटी घरधन्याच्या मनावरच ठरते.

म्हणून अपेक्षा साध्याच आहेत. या आजाराची जाण देणारे प्रशिक्षण त्यांना मिळावे. आळ, चावा, शिवी यांचा अर्थ कळला, की मनावरचा घाव हलका होतो. रुग्णाशी नाते जुळते न जुळते तोच त्यांची बदली होऊ नये. आणि घरच्यांनी रोज त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत.

वर्षभराने ब्यूरोने मावशींना दुसऱ्या घरी पाठवले. जाताना त्यांनी पावतीवर सही केली, तेव्हा त्यांचे पूर्ण नाव मी प्रथमच वाचले. आई त्यांना आपली दिवंगत बहीण समजून 'माई' म्हणत असे. पुढे तीन संध्याकाळी ती दाराशी उभी राहून 'माई कुठं गेली?' असे विचारीत होती. नाव विसरलेल्या आईनेही त्यांना एक नाते दिले होते. आम्ही, ज्यांची स्मृती शाबूत होती, त्यांनी वर्षभरात तेवढेही दिले नव्हते.

आपला रुग्ण आभार मानू शकत नाही. त्याच्या वतीने ते मानण्याचे उत्तरदायित्व कुटुंबाचे आहे, आणि ते रुग्ण हयात असतानाच पार पाडायचे असते.