'थ्री-नॉट-थ्री'चा निरोप

उत्तर प्रदेशाच्या पोलीस दलाने २६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात 'थ्री-नॉट-थ्री' रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. ज्या घराण्यातील पहिली रायफल १८९५ मध्ये ब्रिटिश सैन्यात दाखल झाली, त्याला सव्वाशे वर्षांनी निवृत्ती मिळावी, यात त्या शस्त्राची थोरवी खचित आहे. ते इतकी वर्षे शिपायाच्या खांद्यावर राहू देणाऱ्यांची थोरवी मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

शस्त्र म्हणून या रायफलीची योग्यता वादातीत होय. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने तिच्या बोल्टची व मॅगझिनची रचना केली आणि लंडनजवळच्या एनफिल्ड येथील सरकारी कारखान्यात तिची नळी घडली. यावरून 'ली-एनफिल्ड' हे नाव पडले. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून लोकांच्या तोंडी 'थ्री-नॉट-थ्री'. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे मावत आणि बोल्ट इतका सहज फिरे, की कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा गोळ्या नेम धरून झाडीत असे. चिखल व धूळ सोसून तिने दोन महायुद्धे पार पाडली. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही तिची निर्मिती झाली.

हिंदुस्थानात मात्र शस्त्राचा प्रश्न कधीच केवळ गुणवत्तेचा नव्हता. १८५७ च्या उठावाने धास्तावलेल्या राज्यकर्त्यांनी हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायाहून एक पिढी जुने हत्यार देण्याचे धोरण अवलंबिले. गोऱ्या पलटणींना 'ली-मेटफर्ड' मिळाली, तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला एकेका गोळीची 'मार्टिनी' आली. पुढे थ्री-नॉट-थ्री हिंदी शिपायाच्या हाती आली. पण ती कोणावर रोखावी, हे ठरविणारा परकाच राहिला. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत पन्नास शिपायांनी या रायफलींतून १,६५० फैरी झाडल्या. सरकारी गणतीनुसारच ३७९ माणसे मेली.

स्वातंत्र्यानंतर अविश्वासाचे ते धोरण संपले, परंतु त्याची जागा अनास्थेने घेतली. १९६२ मध्ये लडाख व नेफाच्या बर्फात भारतीय जवान थ्री-नॉट-थ्री घेऊनच चिनी सैन्यासमोर उभा राहिला. पराभवाची कारणे अनेक होती, तरी जुने शस्त्र हे त्यांतील एक होते. त्यानंतर ईशापुरातच स्वयंभरणी रायफली तयार होऊ लागल्या आणि सैन्याने कात टाकली. पोलीस शिपायाकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांच्या हाती एके-४७ होत्या. त्यांच्यासमोर आलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हाती लाठी, तर काहींच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती. स्थानकात पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली.

ही रायफल मजबूत आहे, तिचा नेम अचूक आहे, शिवाय नव्या शस्त्रांना पैसा लागतो, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे करण्यात आला. त्यातील पहिली दोन विधाने सत्य आहेत. परंतु प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारे शस्त्र स्वयंचलित शस्त्रापुढे किती टिकणार, हे १९६२ मध्येच कळून चुकले होते. तो धडा पोलीस दलापर्यंत पोहोचण्यास ४६ वर्षे आणि एक भीषण रात्र लागावी, याला काटकसर म्हणत नाहीत.

नवी रायफल दिली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नव्हे. सरावाला पुरेशी काडतुसे, नेमबाजीचे मैदान व नियमित शिक्षण यांवाचून उत्तमातले उत्तम शस्त्रही खांद्यावरचे ओझेच ठरते. थ्री-नॉट-थ्रीने आपली चाकरी इमानाने बजावली. तिला मानाने वस्तुसंग्रहालयात ठेवावे. शेवटच्या पायरीवरील शिपायाला उरलेसुरले हत्यार देण्याची वृत्तीही तिच्यासोबतच निवृत्त व्हावयास हवी.