समुद्राकाठचे बिऱ्हाड

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या मुलखात वैशाखात प्यावयाच्या पाण्याचीच जेथे विवंचना, तेथील वृत्तपत्राने समुद्राकाठच्या इमारतींची चिकित्सा करीत बसावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्याला समुद्र लाभला नाही त्याने तो हौदात बांधून घ्यावा, ही हौस याच शहराने चारशे वर्षांपूर्वी करून दाखविली आहे. शहराच्या आग्नेयेस, छावणीच्या परिसरात जो फराहबाग महाल उभा आहे, तो एका विस्तीर्ण तलावाच्या ऐन मध्यावर बांधलेला असून १५८३ साली तो पुरा झाला. आणि दौलतीचा कारभार दिवाणांवर टाकून मूर्तिजा निजामशहा दिल्लीहून आलेल्या एका गवयाशी बुद्धिबळाचा डाव मांडून येथे बसत असे. आज तो तलाव कोरडा आहे, कमानींवरचा गिलावा ठिकठिकाणी सुटला आहे. पाणी गेले, तरी पाण्याच्या मध्ये जुन्या भिंतींच्या गारव्यात राहावे ही मनुष्याची वासना मात्र गेलेली नाही. उलट अलीकडे तिला बाजारभाव आला आहे.

मुंबईच्या किनाऱ्यावरील एखाद्या शतकापूर्वीच्या इमारतीचा एक मजला, किंवा मजल्याची एक बाजू, आतून नवी करून राहता फ्लॅट म्हणून विकावी किंवा भाड्याने द्यावी, हा व्यवहार आता कोणास नवा राहिलेला नाही. त्यावर दोन पक्ष पडतात. ऐतिहासिक वास्तूस कोणी हातही लावू नये, तिच्यात चूल पेटणे हाच मुळी अधर्म, असे एका पक्षाचे म्हणणे. आणि जी इमारत पैसा देत नाही ती पडणारच, तेव्हा ज्याला घ्यावयाची त्याला घेऊ द्यावी व आत काय करावयाचे ते करू द्यावे, असे दुसऱ्याचे. आम्हांस यांपैकी कोणत्याही पक्षाचे मत ग्राह्य वाटत नाही. चुलीने इमारत पडत नाही. ती कशाने पडते, याचा पुरावा मुंबईतच काळ्या घोड्यापाशी उभा आहे, आणि तो इतका ढळढळीत आहे की त्याची उजळणी थोडी विस्ताराने करणे आवश्यक वाटते.

जॉन वॉटसन नावाच्या कापडाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ ते १८६९ या काळात तेथे जी इमारत उभी केली, तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा होता. खांब, तुळया, कठडे हे सारे विलायतेत ओतून, गलबतांवर लादून मुंबईस आणले आणि येथे जुळवून उभे केले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. १८७१ साली तेथे हॉटेल सुरू झाले. त्या काळी आजचा भराव पडलेला नव्हता. मैदानापलीकडे आगगाडीचा रस्ता आणि त्याला लागून थेट समुद्र, असा तो देखावा होता, आणि ते लांबलचक सज्जे वाऱ्याची झुळूक घेण्यासाठीच काढलेले होते. १८९६ साली मार्क ट्वेन येथे उतरला होता. त्याच वर्षी ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली, तीही याच इमारतीत, एक रुपया दर लावून. जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिला भक्कम आधार नाही. परंतु पडक्या इमारतींना आख्यायिका फार चिकटतात, हेही खरे.

हॉटेल बंद झाल्यावर त्या इमारतीचे जे झाले तेच आमच्या विषयाचे मर्म आहे. मोठमोठ्या दालनांत लाकडी आडभिंती उभ्या राहिल्या, एकाच्या जागी चार खोल्या निघाल्या, उंच छताचा फायदा घेऊन पोटमाळे चढले, सज्जे बंदिस्त झाले, आणि नळ व मोऱ्या जेथे जागा मिळेल तेथून काढल्या गेल्या. मधला जो चौक उजेड आणि हवा यांसाठी राखला होता, तो केरकचऱ्याचा खड्डा झाला. २००५ सालच्या सुमारास त्या एका इमारतीत ५३ कुटुंबे आणि ९७ कचेऱ्या व दुकाने नांदत होती. शेजारी न्यायालय असल्यामुळे कचेऱ्या बहुतेक वकिलांच्या. त्याच वर्षी जुलैच्या आरंभी पश्चिमेकडील सज्जाचा भाग कोसळून एकाचा प्राण गेला. पुढे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या हुकुमाने रहिवाशांस बाहेर काढावे लागले, आणि इमारत पाडावी, असाच अभिप्राय पवईच्या तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी दिला. वारसाप्रेमी मंडळी तो मानावयास तयार झाली नाहीत, हे त्यांच्या निष्ठेस साजेसेच होते.

आता येथे दोष बिऱ्हाडकरूंचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्यायाचे मात्र नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जवळजवळ खिळवून ठेवली. युद्धोत्तर टंचाईत गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावे, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु टंचाईपुरता म्हणून केलेला तो बंदोबस्त पन्नास वर्षे तसाच चालला, आणि त्याचा परिणाम असा झाला की, ज्याच्या नावावर मिळकत त्याला दुरुस्तीत रस उरला नाही, ज्याच्या वहिवाटीत खोली त्याला दुरुस्तीचा अधिकार उरला नाही, आणि पागडीची जी रक्कम हातोहात फिरली तिच्यातील एक पैही छताच्या डागडुजीस लागली नाही. भाडे एकाकडे, मालकी दुसऱ्याकडे आणि गळती तिसऱ्याच्या माथ्यावर, अशी ही फारकत होती. १९६९ साली दुरुस्ती मंडळ स्थापन करून सरकारने उपकर गोळा करावयास आरंभ केला. परंतु तोवर पुष्कळ इमारतींच्या तुळया आतून गंजून गेल्या होत्या.

गंजाचा हा प्रकार समुद्राकाठी विशेष घातक का, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कारण किनाऱ्यावर घर घेणाऱ्या आमच्या जिल्ह्यातील मंडळींना त्याची कल्पना बहुधा नसते. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा अंश भिंतीत मुरतो. काँक्रीटमधील सळईपर्यंत तो पोचला की सळई गंजू लागते, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे आतून फुगून तो बाहेरील काँक्रीट फोडून टाकतो. मरीन ड्राइव्हवरील ज्या इमारतींची गणना २०१८ पासून जागतिक वारशात होते आणि ज्या आरंभापासून फ्लॅटांच्याच म्हणून बांधल्या गेल्या, त्यांच्या मालकांना हा रोग चांगला परिचित आहे. चुन्यात बांधलेल्या त्याहून जुन्या भिंतींची प्रकृती निराळी. चुना श्वास घेतो. ओल आत घेतो आणि बाहेरही टाकतो. बैल जुंपलेल्या घाणीत मळलेला, गूळ आणि बेलफळाचा गर घातलेला तो जुना चुना शेकडो पावसाळे सोसतो, हे जंजिऱ्याच्या तटाकडे पाहिले म्हणजे पटते. परंतु नवा मालक येतो, त्यास भिंत गुळगुळीत हवी असते, आणि गवंडी त्या चुन्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवितो. झाले! ओल आत कोंडली जाते, मीठ भिंतीच्या पोटातच स्फटिक धरते, आणि पाचसहा वर्षांत गिलाव्यासह जुनी वीटही खपलीसारखी निघून येते. इमारतीस मारणारा हात पुष्कळदा तिला सजविणाऱ्याचाच असतो.

मग राहावयाचे नाही काय? राहावयाचे, अवश्य राहावयाचे. नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीने इंग्रजांनी आपल्या आग्नेय किनाऱ्यावर १८०५ पासून पुढील काही वर्षांत जे मार्टेलो बुरूज बांधले, त्यांतील कित्येकांत आज माणसे सुखाने नांदत आहेत. आल्डबरा गावाबाहेरील असाच एक बुरूज, १९६५ मध्ये स्थापन झालेल्या लँडमार्क ट्रस्ट या संस्थेने दुरुस्त करून सुटीच्या बिऱ्हाडासाठी भाड्याने देण्याची व्यवस्था केली. तेथे भाड्याचा पैसा पुन्हा अशाच वास्तूंच्या चुन्याविटांत जातो, आणि यादीतील इमारतीत खिडकी बदलावयाची तरी परवानगी लागते. तेथे सारेच साधू आहेत असे नव्हे. फक्त भाडे, मालकी आणि गळती यांचा हिशेब तेथे एकाच वहीत लिहिला जातो.

आणि यासाठी विलायतेस जाण्याचीही गरज नाही. आमच्याच शहराजवळ, पूर्वेकडील डोंगरावर सलाबतखानाची कबर उभी आहे, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, जरी चांदबिबीचा तिच्याशी काहीएक संबंध नाही. मूर्तिजाच्या या वजिराची ती अष्टकोनी तीन मजली इमारत अपुरीच राहिली. इंग्रजी अमदानीत छावणीतील गोऱ्या शिपायांच्या हवापालटासाठी तिचा उपयोग होत असे. अर्थात कबरीवर बिऱ्हाड! धार्मिक मनास हे रुचणार नाही, आणि आम्हांसही ते शोभिवंत वाटत नाही. परंतु आज वर गेले असता त्या बिऱ्हाडाची खूण शोधावी लागते. कमानी मोकळ्या आहेत, त्यांतून वारा तसाच वाहतो, तळघरात थडगी तशीच आहेत. शिपाई आले, राहिले, गेले, आणि इमारतीचे बांधकाम जागच्या जागी राहिले. आमच्या शहराच्या किल्ल्यानेही असे भाडेकरू पाहिले आहेत, जे स्वेच्छेने आले नव्हते. १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसच्या नेत्यांस येथे आणून ठेवले तेव्हा नेहरूंनी अंगणात बाग केली, आणि मौलाना आझादांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली. त्यांवर मौलानांनी जे पत्र लिहिले ते उर्दू गद्याचे भूषण मानले जाते. चिमण्यांना घरटे बांधावयास जागा होती, याचा अर्थ कोणी त्या छताखाली तक्तपोशी ठोकली नव्हती.

ही केंद्रीय संरक्षणाखालील स्मारके कोणी फ्लॅट करावयास जाणार नाही. १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती त्यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकामही होऊ देत नाही. आमची चिंता निराळी आहे. माळीवाड्यात, नालेगावात, कापडबाजाराच्या मागील गल्ल्यांत जे जुने वाडे उरले आहेत, त्यांचे नाव कोणत्याही यादीत नाही. भावकीत वाटण्या होतात, एकेक सोपा एकेकाच्या वाट्यास येतो, आणि ज्यास दिंडी दरवाज्याकडील बाजू मिळाली तो तिचा फ्लॅट करून घेतो. अशा एका वाड्यात आम्ही मागे गेलो होतो. चौकात तुळशीवृंदावनाला टेकून पाण्याच्या चार मोटारी बसविलेल्या, प्रत्येक भावाची एक. आणि सागवानी खांबाच्या कोरीव हस्तावर प्लायवूडची आडभिंत अशी नेऊन भिडविलेली की कमळाच्या निम्म्या पाकळ्या एका चुलत्याच्या दिवाणखान्यात आणि निम्म्या दुसऱ्याच्या न्हाणीघरात. ती आडभिंत काढण्याचे काम त्या दिवशी चालले होते. म्हातारा सुतार पाकळ्यांवरचा ऑइलपेंट खरवडीत म्हणाला, “ज्यानं कुणी ही फळी लावली, त्यानं इस्क्रू लावले, खिळे नाही ठोकले. म्हणून लाकूड फाटलं नाही, साहेब.” न्हाणीघराच्या बाजूचे लाकूड मात्र कुजले होते. तेथे सिमेंट होते.

आमचे मागणे त्या सुताराच्या बोलण्याहून फार मोठे नाही. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली केली आणि त्यांची प्रतवारी लावली. आमच्या महानगरपालिकेने, जी आता अहिल्यानगर या नव्या नावाने कारभार करीत आहे, जुन्या गावठाणातील वाड्यांची निदान एक नोंदवही तरी तयार करावी, आणि ती तयार होईपर्यंत अशा मिळकतींच्या कोणत्याही अंतर्गत फेरफारास केवळ क्षेत्रफळाचा नकाशा पाहून मंजुरी देऊ नये. नोंदवहीस वर्ष लागेल, कदाचित दोन. सरकारी दफ्तराची चाल आम्हांस ठाऊक आहे. तोवर परवानगीच्या छापील अर्जात दोन रकाने वाढविणे तरी अशक्य नसावे: केलेले काम पुढे काढून टाकल्यास मूळ लाकूड, दगड व चुना शाबूत राहील काय; आणि ते काढण्याचा व छत गळल्यास दुरुस्तीचा खर्च अर्जदारांपैकी कोण, किती हिश्शाने देईल. दुसरा रकाना भरल्याशिवाय अर्ज दाखलच करून घेऊ नये.